शनिवारची दुरुस्ती

५ जुलै, शनिवार

आज रेडिओवर दादाची फिरकी घेतली, आणि झकास जमली!

‘हवा आणि गाव’ हा माझा शनिवारचा कार्यक्रम नेहमीसारखाच झाला. आधी येत्या आठवड्याचं हवामान, मग त्याला धरून गावाची एखादी जुनी गोष्ट. ढग भरपूर, पाऊस नावाला, असं सांगून मी गोष्टीत खाम नदीवर आले आणि मकाई दरवाजाच्या पुलावरून बेगमपुऱ्यात उतरले. कार्यक्रम संपला की दादाचा फोन ठरलेला. बिडकीनला लेकाकडं राहतो, मोबाईलवर ऐकतो. कशी आहेस वगैरे काही नाही. थेट — “भाने, चुकलीस.” मग माझी शिकवणी. निवृत्त झाले, साठी उलटली, तरी याच्यापुढं मी चौथीतच!

म्हणून आज शेवटी म्हणाले, “आमचे एक श्रोते आहेत, मुकुंदराव. यांच्या डोक्यावर धो धो पाऊस पडला तरी हे आधी कॅलेंडर बघतात आणि मग भिजतात.” यंत्रावर बसणारी तनुजा खिदळली, तेही तसंच प्रसारित झालं.

आज फोन आला नाही. जरा ऐकू दे त्यालाही.

८ जुलै, मंगळवार

कोरडंच. उकाडा.

१२ जुलै, शनिवार

फोन नाही. रुसलाय! लहानपणीसुद्धा असाच, पाटावरून उठून जायचा. मग आई मला पाठवायची, “जा, आण त्याला.” आता पाठवायला आई नाही.

दुपारभर मोबाईल स्वयंपाकघरातसुद्धा घेऊन फिरले. हे गेल्यापासून मला “भाने” म्हणणारं दुसरं आहे कोण?

१४ जुलै, सोमवार

शेवटी मीच केला. दादाचा फोन बंद. एवढा राग!

मग भाच्याला लावला. “बरे आहेत, आत्या. नंतर बोलू.” शंतनूचा आवाज एरवी असा कोरडा नसतो. म्हणजे घरात माझ्यावर चर्चा झालेली दिसते. बोलले ते वाईटच होतं. नाव घ्यायला नको होतं. घरातली थट्टा घरात बरी, चारचौघांत तिचा अपमान होतो हे मला या वयात कळावं!

१९ जुलै, शनिवार

आज मी मुद्दाम चुकले.

कालपासून मनात होतं. माफी मागायला जीभ रेटत नाही, पण माझी चूक ऐकून दादा गप्प बसूच शकत नाही. ताप असला तरी उठून दुरुस्त करेल. म्हणून हवामान सांगून झाल्यावर (उघडीप, दुपारी ऊन) शांतपणे म्हणाले, “आपल्या गावाला पाणी पाजणारी नहर-ए-अंबरी औरंगजेबानं बांधली.” नावातच अंबर! तनुजानं काचेपलीकडून डोक्याला हात लावला.

मग काय, सगळं गाव तुटून पडलं. करमाडचे कडुबा कुठलेसे: “बाई, मलिक अंबरची हाय ती! शाळंतल्या लेकराला बी ठावं हाय.” बेगमपुऱ्यातून एक खालाजान: “आपा, तबियत तो ठीक है ना?” तनुजा म्हणाली, “काकू, स्टेशनची अब्रू!”

सगळ्यांचे फोन आले. एकट्या दादाचा नाही.

२० जुलै, रविवार

नहरीची दुरुस्ती देऊन आले. हसू झालं, ते झालं.

२६ जुलै, शनिवार

पावसाचा अंदाज दिला आणि तो खरा ठरला. दादा असता तर म्हणाला असता, “आंधळ्यानं दगड मारला.” असता तर! काय लिहितेय मी. आहे की तो, पंचवीस किलोमीटरवर.

कार्यक्रमानंतर मोबाईलवर अनोळखी नंबर. “हॅलो, हॅलो” करून थकले, पलीकडं कुणी बोलेना. घशात काहीतरी खरखरल्यासारखं. ठेवून दिला. पुन्हा आला, पुन्हा तेच. आता माझा नंबरही गावभर झाला वाटतं.

२ ऑगस्ट, शनिवार

आजची चूक लिहायलासुद्धा हात धजत नाही.

जोराच्या पावसाचा इशारा होता. म्हणून खामच्या पुराची गोष्ट सांगितली, आमच्या लहानपणीची. पाणी बेगमपुऱ्यातल्या आमच्या उंबऱ्यात आलं होतं. बाबा गावाला, आई बाजारात अडकलेली. मी पाच वर्षांची, दादा बाराचा. त्यानं मला खांद्यावर घेतलं, कमरेएवढ्या पाण्यातून उंचावरच्या घरापर्यंत नेलं, आणि सारखा म्हणत होता, “भाने, खाली बघू नको. माझ्या डोक्याकडं बघ.” त्याच्या डोक्यावरचा भोवरा मला अजून दिसतो.

आणि मी रेडिओवर काय सांगितलं? “बाबांनी मला खांद्यावरून नेलं.” दादाचं नावच काढून टाकलं. वाटलं, नहरीवर गप्प बसलास, यावर बसून दाखव! हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. दुसरं कुणी दुरुस्त करणार नाही.

माईक बंद झाला तेव्हा कसंतरी झालं. डिवचायला निघाले आणि त्याच्या मोठेपणाची एकुलती एक गोष्टच काढून घेतली, असं वाटलं.

लगेच फोन! झडप घालून उचलला, तर तोच मुका नंबर. आज श्वास लागल्यासारखा, मध्येच “आं... आं...” असला घाणेरडा आवाज. माझं डोकंच फिरलं. “लाज नाही वाटत? बोलायचं नसेल तर कशाला फोन करता? मेल्यांनो, दुसऱ्या कुणाच्या फोनची वाट बघत असतं माणूस!” तनुजाकडून नंबर ब्लॉक करून घेतला. बरं झालं.

५ ऑगस्ट, मंगळवार

गुलमंडीत जाऊन राखी आणली. साधा रेशमी गोंडा, दादाला चमकी आवडत नाही. पोस्टात टाकायला निघाले आणि परत आले. सोबतच्या चिठ्ठीत काय लिहू?

रात्रभर झड लागली होती. खामला पाणी चढलंय म्हणे.

९ ऑगस्ट, शनिवार. राखीपौर्णिमा

कार्यक्रमानंतर शंतनूचा फोन. रडत होता.

“आत्या, बाबांना महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला. तुम्ही रेडिओवर हसलात त्याच आठवड्यात. डॉक्टर म्हणाले त्याचा काही संबंध नाही, पण मला राग होता, म्हणून कळवलं नाही. चुकलं माझं. बाबांचं बोलणं गेलंय. पडले तेव्हा त्यांचा मोबाईलही फुटला. शनिवारी माझ्या कंपनीच्या फोनवर तुमचं ऐकवतो, ते संपलं की फोन ओढून घेतात, डाव्या हातानं बटणं दाबत बसतात. मला वाटायचं, चाळा आहे. आज लागेना, तेव्हा फोन माझ्यापुढं धरला. त्यावर तुमचा नंबर होता.”

ब्लॉक कसा काढायचा तेही मला येत नाही. तनुजानं काढून दिला. राखी पर्समध्ये घातली, रिक्षा बोलावली. रिक्षा यायच्या आत तो नंबर वाजला.

“दादा, चुकले. खांद्यावर तू नेलंस.”

पलीकडं तीच खरखर. किती तरी वेळ. मी फोन ठेवला नाही.