नुसतं 'सरी'

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९९

सकाळपासून फोन मेलाय! मेला कसला — अहल्येनं त्याची वायर कॉम्प्युटरला लावलीय. शिमोग्याची माझी बहीण नंबर फिरवून दमली असेल. सून माझी शिकाऊ मास्तरणींना शिकवते. त्या पोरी शाळांत जाऊन वर्ग घेतात, हिला मेल धाडतात, ही घरात बसून उत्तरं बडवते.
"त्यापेक्षा बोलत का नाहीस?"
"ह्यात वेळ वाचतो, अत्ते."
वाचला खरा. भात करपला होता.

बुधवार, १०

आनेकलच्या शाळेत वर्ग घेणाऱ्या शिकाऊ क्षमाची लांबलचक मेल. अहल्येनं अर्धी वाचून दाखवली. फळ्याकडे वळलं की मागून पोरं मांजरासारखी ओरडतात, हिचा आवाज बसतो. बिचारी! तेवढ्यात कुकर झाला. अहल्येनं उभ्या उभ्या इंग्रजी अक्षरांत 'सरी' असं बडवलं नि गेली.
"एवढंच?"
"वाचलं, असं कळेल तिला. आपण घरात नाही का म्हणत?"
म्हणतो की. कानडीतलं हे 'सरी' — 'बरं', 'ठीक', 'ऐकलं', सगळं त्यातच. पण तेव्हा मान असते, डोळे असतात. माझ्या 'सरी'नं लेक माझा, गुंडो, उठून दळण आणतो. बायकोच्या 'सरी'नं कूससुद्धा बदलत नाही!

शुक्रवार, १२

क्षमाची मेल नाही. "बरं चाललं असेल," म्हणे.

सोमवार, १५

बरं कसलं! हेडमास्तरांनी कळवलं, क्षमा शाळेत येत नाही. म्हणते, "मॅडमना विचारूनच सोडलं." मॅडम म्हणजे ही! अहल्येनं जुनी मेल उघडली. अगदी शेवटी, वाचायच्या राहिलेल्या अर्ध्यात — "मला जमत नाही. सोडून देऊ का?"
आणि त्यावर हिचं उत्तर. सरी.
मी बोलायला तोंड उघडलं होतं. तिचा चेहरा पाहिला नि चहा ठेवला.
गुंडो म्हणाला, "त्या पोरीनंही स्वल्प समजून घ्यायचं."
"तू गप," मी म्हटलं.
अहल्येनं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शहाण्यासारखं खूप काही होतं. शेवटी राहिलं ते मला वाचून दाखवलं — "क्षमा, तुझं पत्र मी पुरतं न वाचताच उत्तर दिलं. सोडू नकोस. मला फोन कर." खाली घरचा नंबर.
"धाड," म्हटलं.

मंगळवार, १६

उत्तर नाही. ही सारखी मेल उघडून बघते. म्हणजे वायर तिकडेच! अगं बये, नंबर दिलास ना? ती पोरगी फिरवत असेल नि एंगेज ऐकत असेल! वायर मीच उपटली, फोनला लावली.

बुधवार, १७

फोन वाजला. बहीण असेल म्हणून उचलला. बारीक आवाज — "मॅडम आहेत?" आणि तिच्या मागं कुणीतरी मांजरासारखं ओरडलं!
शाळेतूनच बोलतेय की!
"अहल्ये, हातातलं टाक नि ये! उत्तर तूच द्यायचंस — तोंडानं!"