अडकलेलं कार्ड आणि पोटरीतला गहू

वाघोली, मंगळवार

पृथ्वीराजदादांना आनंदचा नमस्कार.

तुमची, वहिनींची आणि नाशिकच्या थंडीची तब्येत ठीक असावी. आमच्याकडे नम्रता बरी आहे, आप्पा बरे आहेत आणि मी कसा आहे हे कोणी विचारत नाही, तेव्हा बराच असणार. विनंती अशी काही नाही, विशेष मात्र आहे. फोनवर तुम्ही ‘हां, बोल लवकर’ म्हणता आणि मला लवकर बोलता येत नाही (शनिवार पेठेत वाढलेला माणूस थोडं बोलतो, पण सावकाश), म्हणून हे पत्र.

तुमचं-त्यांचं बोलणं नाही, म्हणून मीच कळवतो : तुमचे वडील सध्या शेती करतात. दचकू नका. शेवटचा तुकडा विकल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, त्यानंतर बरेच दिवस नुसते गॅलरीत बसून असायचे. समोर त्यांच्याच जमिनीवर टॉवर चढत होता आणि ते स्लॅब मोजत होते. मला ते बघवेना, म्हणून मी त्यांना कॉम्प्युटरवरचा ट्रॅक्टरचा खेळ लावून दिला, सोबत एक स्टिअरिंगही आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी ‘पोरखेळ’ म्हणून पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर नांगरट झालेली. तक्रार एकच : या शेताला शेजारी नाही. शेजाऱ्यानं बांध कोरल्याशिवाय शेती कसली, असं त्यांचं म्हणणं.

आता घरात चांगला कॉम्प्युटर एकच. त्यावर नम्रताचं मुळा-मुठेच्या पुराचं गणित चालतं (कुठल्या पावसाला पाणी कुठवर चढेल, हे तो डबा आठवडेच्या आठवडे मोजत बसतो). गणिताला जी ऑपरेटिंग सिस्टीम लागते, तिच्यावर आप्पांचा खेळ चालत नाही. म्हणून मी त्याच डब्यात एक व्हर्च्युअल मशीन बनवलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर, आणि डब्यातलं भारी ग्राफिक्स कार्ड थेट त्या पोटातल्याच्या ताब्यात दिलं. बाप-लेक दोघांचं एका डब्यात सुखानं चाललं होतं. मी ऑफिसात हे चारचौघांना सांगितलंही, आणि तिथेच चुकलं.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर आप्पा खत टाकायला बसले आणि पडदा काळा झाला. व्हर्च्युअल मशीन कोसळलं होतं. मी आत आलो तेव्हा आप्पा दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसलेले. मला म्हणाले, “जावईबापू, म्या काय दाबलं न्हाय.” दादा, या माणसानं भरल्या ग्रामसभेत कोणाचं ऐकून घेतलेलं नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. तो आवाज मला आवडला नाही.

मी मशीन पुन्हा चालू केलं, तर उत्तर आलं की कार्ड वापरात आहे. कोणाच्या? जे कोसळलं त्याच्याच. भाडेकरू गेला, किल्ली त्याच्या खिशात, अशातली गत. मग मी कार्ड सोडवायचे हुकूम दिले. यादीतून त्याचं नाव काढलं आणि पुन्हा शोधायला लावलं, म्हणजे ते नव्यानं सापडावं. ते सापडेचना. आधी नुसतं अडकलं होतं, माझ्या उपचारांनी ते नाहीसं झालं. आता डबा पूर्ण बंद करून चालू करणं एवढंच उरलं; पण तसं केलं तर नम्रताचं सगळं गणित जाणार.

हे मी पुटपुटत होतो ते आप्पांनी ऐकलं. “पोरीचं काम चाललंय, त्याला हात लावायचा न्हाय,” ते म्हणाले. “खरं शेत गेलं. हे तर खोटंच हाय.” आणि उठून गॅलरीकडे निघाले. पण दारापर्यंत जाऊन थांबले. “आतला गहू हाय का जागेवर? पोटरीत आला व्हता.” (पोटरीत म्हणजे कणीस अजून पोटात, बाहेर पडायच्या बेतात.)

नम्रता दाराशी उभी होती. मला म्हणाली, “काहीतरी असेलच. शोध.” शोधल्यावर एक उपाय मिळाला : डबा बंद करायचा नाही, झोपवायचा. झोपेत चालू काम लक्षात राहतं, कार्डाची वीज मात्र तुटते आणि जागं होताना ते ताजंतवानं उठतं. (दुपारी झोपण्याचा उपाय मला आपोआप सुचायला हवा होता.) पण कधी कधी डबा उठतच नाही, आणि मग गणितही गेलं. हे सांगून मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “गणित पुन्हा लावता येईल,” आणि झोपवायचं बटण तिनंच दाबलं.

पंखे थांबले. आप्पा गॅलरीतून परत आले होते. आम्ही तिघं एका मुक्या डब्यासमोर उभे, जसे ऑपरेशन थिएटरबाहेर उभे राहतात. इतके दिवस मी सासऱ्यांना विरंगुळा लावून दिला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. त्यांचं तिथे पीक उभं होतं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

नम्रतानं कळ दाबली. पंखे फिरले. गणित होतं तिथून पुढे चालू लागलं, कार्ड यादीत आलं, मशीन उठलं आणि पडद्यावर हिरवागार गहू. आप्पांनी चष्मा पुसला, बसले, आणि लेकीकडे न बघता म्हणाले, “तुझं काय गेलं न्हाय ना?” “नाही.” “मग बरंय.” एवढंच. संध्याकाळी चहा मात्र त्यांनी केला. साखर कोणाच्याच अंदाजाची नव्हती, आम्ही प्यायलो.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, कमी करू नये.

तुमचा,
आनंद

ता. क. नम्रता म्हणते, एवढं पाल्हाळ कशाला, मुद्द्याचं लिही. गहू आता पिकलाय (खेळातले दिवस भराभर जातात). कापणी चालू असताना बाजूनं ट्रॉली चालवायला दुसरा माणूस लागतो आणि तो आपल्या घरी बसून चालवू शकतो. आप्पांनी मला बसवून पाहिलं, मी ट्रॉली ओढ्यात घातली. “पेठेतल्या माणसाचं काम न्हाय,” म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, “पृथ्वीला जमतंय.” तुम्हाला बोलवा असं ते म्हणालेले नाहीत. मीही विचारलं नाही.

ता. क. दुसरा. रविवारी सकाळी कापणी आहे. बोलावं लागत नाही, माइक बंद ठेवता येतो. तो बंद कसा करायचा हे आप्पांनी माझ्याकडून आधीच शिकून घेतलंय. काल त्यांनी चालू कसा करायचा तेही विचारलं.