चिखलदऱ्यात लवकर आलेली थंडी

तीर्थरूप सूर्यभान दादाले, चिखलदऱ्याहून धाकट्या नत्थूचा दंडवत. राग आहे, तरी दंडवत.

तुमी म्हणलं होतं, "दिवाळीच्या आधी बैलबंडी घेऊन येतो, दिव्याचं तेल अन् घोंगड्या आणतो." दिवाळी होऊन गेली. डाकवाल्यानं सांगितलं, तुमची बंडी वलगावचा कापूस घेऊन अमरावतीच्या खेपा करून राहिली. औंदा कापसाले भाव आहे, हे मलेही समजते. मग येत नाही म्हणून कळवलं काहून नाही?

इथं थंडी लवकर पडली. साऱ्या बंड्या कापसाले लागल्या, घाट चढून कोणी येत नाही. आठ दिवस आमा गवंड्यांच्या खोपटात दिवा नव्हता, लाकडं दवानं ओली. त्यातच माही मनकर्णा बाळंत झाली. पोरगं गारठलं, त्याचं रडणं बंद पडलं. शेजारची रजियाबी अंधारात चाचपडत आली, पोराले उघड्या छातीशी धरून गोधडीत बसली. "हिरा, रो रे बाबा," म्हणत राहिली. लई वेळानं तो रडला.

मायचा खोकला कसा आहे? तिले सांगा, नातू झाला, सारे सुखरूप आहेत, ऊब भरपूर आहे. अंधाराचं तिले वाचून दाखवू नका.

पोराचं नाव ठेवायचा मान तुमचा होता. आमी त्याचं नाव हिरा ठेवलं. तुमाले इचारलं नाही, अन् इचारावं असं वाटलंही नाही.

तुमचा भाऊ,
नत्थू