काव्याचा मोकळा गळा

प्रिय अक्का,

फोन सोडून पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. तुझ्याकडं फोन कायम स्पीकरवर असतो, आणि हे तुझ्या सुनेला ऐकवायचं नाही. रविवारी तू अक्कलकोटचे पाहुणे घेऊन काव्याला दाखवायला येणार आहेस, त्याआधी एवढं वाच.

मागं तू मोबाइलवर काव्याचा मैत्रिणींबरोबरचा फोटो दाखवलास आणि म्हणालीस, चेहरा नको, गळा बघ. मी बघितलं आणि पायाखालची जमीनच सरकली. दीक्षा झाल्यापासून जे इष्टलिंग पोरीनं अंघोळीलासुद्धा अंगावेगळं केलं नाही, ते फोटोत गळ्यात नव्हतं! घरी मात्र लिंगाची चांदीची डबी गळ्यात जिथल्या तिथं. म्हणजे बाहेर काढायची आणि घरात घालायची? कुणासाठी? माझ्या मनात नको नको ते आलं. जातीबाहेरचा कुणी पोरगाच असणार. ह्यांना सांगितलं नाही. हे दुकान उघडं टाकून कॉलेजात तमाशा करायला गेले असते.

त्यात खांद्यावर काळंनिळं, गुडघे सोललेले. विचारलं तर म्हणे रग्बी खेळते. कसला खेळ, तर चेंडू काखेत धरून पुढं पळायचं, पण आपल्या गड्याकडं टाकायचा तो फक्त मागं. पुढं जायचं आणि चेंडू मागं टाकायचा! अगं, खोटं बोलायचं तर धड तरी बोलावं की. दप्तरात चेंडू सापडला तोही पपईसारखा, दोन्हीकडं निमुळता. म्हटलं, हीसुद्धा त्या पोराचीच भेट.

शेवटी परवा शुक्रवार पेठेतून तिच्या मागोमाग रिक्षा केली. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यामागं मैदान आहे. डोक्यावर पदर ओढून चहाच्या गाड्याआड उभी राहिले. शिट्टी गळ्यात अडकवलेला मल्लिनाथ नावाचा एक सर होता. हाच तो मेला, असं ठरवून मी डोळे त्याच्यावर रोखले. तर तो पोरींना ओळीनं उभं करून कानातलं, बांगड्या, गळ्यातलं सगळं उतरवायला लावत होता, झटापटीत कुणाला लागू नये म्हणून. काव्यानं डबी काढली, डोळ्यांना लावली आणि कडेला बसलेल्या एका पोरीच्या हातात दिली.

मी तरातरा निघाले. दोघींच्या मुस्कटात द्यावी एवढा राग आला होता. जवळ जाऊन बघते तर त्या पोरीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, पायातल्या चपला बाजूला काढलेल्या, आणि डाव्या तळहातावर आपलं लिंग, आपण पूजेला धरतो तसं. गालावर माशी बसली होती, उडवायची सोय नव्हती, बिचारी नुसती फुंकर मारत होती. वैजयंती तिचं नाव, मोहोळकडची, आपल्या लिंगायतांतली न्हवे. पिशवीत का ठेवत न्हाईस म्हटलं, तर म्हणाली, काव्यानं सांगितलंय, खाली ठेवायचं न्हाय, खेळ संपंस्तोवर असंच धरायचं. रोज ती असंच धरून बसते म्हणे. अक्का, मी तिथंच मातीत बसले आणि रडले.

मग खेळ बघितला. काव्याच्या कमरेला दोन पोरी लटकल्या, ती पडली, पडता पडता न बघताच चेंडू मागं सारला, आणि मागं तिची गडीण खरंच उभी होती. मी एवढ्या जोरात ओरडले की काव्यानं वळून बघितलं आणि पोरीचं तोंडच उतरलं.

येताना रिक्षात तिनं सगळं सांगितलं. रविवारी विद्यापीठाच्या संघाची निवड आहे, आणि पाहुण्यांसाठी ती मुकाट्यानं सोडून देणार होती. तेव्हा अक्का, पाहुण्यांना आणू नकोस. ह्यांना सांगितलंय, तोंड फुगवून बसलेत, बसू देत. आणि एक विचारायचंय. मुलगी लिंग धारण करते ना, असं त्या लोकांनी काल फोनवर विचारलं. ही शंका त्यांच्या डोक्यात कुणी घातली? माझा संशय तुझ्यावरच आहे, तोंडावर सांगते. त्यांना निरोप तूच दे. मला रविवारी घरी थांबता येत न्हाई. वैजयंतीचं प्लॅस्टर काल निघालं, डॉक्टर नको म्हणत असले तरी आता तीही खेळणार, आणि काव्याचं लिंग तळहातावर घेऊन बसायला दुसरं कुणी न्हाई.

रागावलेली, तरी तुझीच,
गौरा