तिसरा भाग उसवू नये

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा पुस्तकबांधणी, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आई नको म्हणत असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. वडिलांप्रमाणे माझीही दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आता उपाय नाही, हे डॉक्टरांना दोनदा विचारून खात्री करून घेतली आहे.

१. बँकेतील शिल्लक व सायकल आईला. मागचा ब्रेक लागत नाही. विकताना तसे सांगावे.

२. दाभण, सुया व कागदाची घडी दाबायची पट्टी कारखान्यातल्या जोडीदाराला. तो मला शंकासुर म्हणतो. पट्टीने त्याने चहा ढवळू नये.

३. काकांना काहीही देऊ नये. वडील शेवटच्या घटका मोजत असताना ते "होईल सगळं नीट" म्हणाले आणि जेवून गेले.

४. पिशाचांच्या कादंबरीचे तिन्ही भाग धाकट्या बहिणीला. तिचाही रिपोर्ट माझ्यासारखाच आला आहे. तिला कोणी सांगितलेले नाही. तिला कळले आहे. आई म्हणते, "पोरीला असलं अभद्र देऊ नकोस रे, आधीच घरात काय कमी आहे?" त्यावर बहीण म्हणाली, "दादा, त्यातलं भूत निदान दारात उभं राहून बोलतं. आपल्याकडे सगळे स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजतात." तिच्या हवाली करण्यास याहून चांगले कारण मला सुचत नाही.

कादंबरीत प्रेतांचा राजा प्रत्येक घरातून एक माणूस मागतो. गावातले दिवे लावणारा दिवेवाला त्याला शोधत विहिरीत उतरतो आणि तिथेच मरतो. लेखकाने कोणालाही वाचवलेले नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे.

तिसरा भाग खिळखिळा झाला होता. तो मी अंगात ताप असताना पुन्हा बांधला आणि शेवटची सोळा पाने अलीकडे आणि त्यांच्या आधीची सोळा पाने सर्वांत शेवटी शिवली गेली. त्यामुळे दिवेवाला मरतो आणि पान उलटल्यावर विहिरीच्या काठावर बसून भाकरी खातो, वात नीट करतो, बायकोशी भांडतो. मालक म्हणाले, "अरे, लाज आण. उसव आणि नीट शिव." मी पाते हातात घेतले होते. ठेवून दिले.

ते पुस्तक कोणीही उसवू नये. बहिणीने आहे त्याच क्रमाने वाचावे. पुढे काय होते ते मला ठाऊक आहे, तिलाही आहे. तरी भाकरीची ती सोळा पाने तिला नंतर मिळावीत.

ठिकाण : राहते घर, जिन्यालगतची खोली
दिनांक : १४ मार्च
सही : शंकासुर

साक्षीदार :
१. बांधणी कारखान्याचे मालक (बांधणी चुकीची आहे, असे नोंदवून सही)
२. समोरचे औषधवाले