देवापुढचं कार्ड

शनिवार, ऑगस्ट २०२१. आइंडहोवन, नेदरलँड्स.

आत्ता आम्ही प्रागच्या ट्रेनमध्ये असायला हवं होतं. कोविडमुळे दोन वेळा रद्द झालेली ट्रिप. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, पाठीवर सॅक आणि आम्ही नवरा-बायको दोघंच. लशीचे क्यूआर कोड, मास्क, सगळं मी चार-चारदा तपासलं. आणि जर्मनीत शिरल्या शिरल्या पोलिसांनी रेसिडेन्स कार्ड मागितलं, तर समीरच्या पाकिटात ते नाहीच! पुढच्याच स्टेशनवर उतरावं लागलं.

परतीच्या गाडीत मी त्याला काय काय नाही बोलले. "एवढं एक कार्ड सांभाळता येत नाही तुला?" तो खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाला, "जाऊ दे गं." त्या 'जाऊ दे गं'नं तर माझं डोकं आणखीच फिरलं.

घरी आल्यावर दिवा लावायला गेले. गणपतीच्या पायाशी त्याचं कोरं करकरीत कार्ड, वर कुंकवाचं बोट. मंगळवारी नवीन आलं म्हणून मीच तिथे ठेवलं होतं.

"तुला गाडीतच आठवलं होतं ना?"

सॅकमधले कपडे परत कपाटात ठेवत तो म्हणाला, "उतरलो तेव्हाच. जाऊ दे गं."

भांडला असता तर बरं झालं असतं. आता चिडायचं तरी कुणावर?