काटा व्हरांड्यात ठेवणाऱ्यांविषयी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भाऊजींचा खोकला कसा आहे? आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी आठवडाभर नुसता धुमसतोय.

झालं असं, की तुझ्या भाचीच्या शाळेत मुलांची वजनं घेतली. कुठे, तर व्हरांड्यात, अख्ख्या पाचवीसमोर! खेळाचे सर काट्यापाशी आणि कारकून पार दुसऱ्या टोकाला वही घेऊन (त्याचं टेबल म्हणे हलत नाही), त्यामुळे प्रत्येक आकडा सरांनी मैदानावरच्या आवाजात ओरडायचा. आपली पोर काट्यावर उभी राहिली, तर सर म्हणाले, "एका वेळी एकीनंच चढायचं!" सगळी रांग फिदीफिदी हसली. तीही हसली (हे मला सगळ्यात जास्त सहन होत नाही). त्या दिवसापासून डबा भरलेला परत येतोय, रोज सकाळी पोट दुखतंय, आणि परवा नव्या गणवेशाचं माप घ्यायला गेलो तर म्हणते, "बाबा, दोन मापं मोठा शिव. आत मी दिसायला नको." अगं, वीस वर्षं शिलाई मशीनवर बसतोय, असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. टेप गळ्यात तसाच, तडक शाळेत गेलो.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "लठ्ठपणाबद्दल जागृती नको का करायला?" जागृती! पोर उपाशी राहायला लागली, ही यांची जागृती! मी म्हटलं, "वजनात लाजण्यासारखं काही नाही ना? मग हे घ्या!" आणि तावातावानं व्हरांड्यात येऊन काट्यावर चढलो. तिथेच उभ्या सरांनी सवयीनं आकडा ओरडला. खिडकीत जमलेली पोरं खिदळली. ताई, सेहेचाळीस वर्षांचा बाप्या मी, पण कानशिलं तापली आणि तोंडातून निघून गेलं, "बूट जड आहेत." (पायात चपला होत्या.)

सर मात्र हसले नाहीत. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "चुकलंच माझं." आता काटा शाळेच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत असतो, दार लावून. सरांनी पोरीची माफीही मागितली, तीही हळू आवाजात. म्हणजे हळू बोलता येतं त्यांना!

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
अजून न निवळलेला धाकटा

ता. क. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तिला 'ढब्बू' म्हणू नकोस.

आणखी एक. ते नाव मीच ठेवलं, तू फक्त उचललंस, हे मान्य. काल जेवताना सरांच्या नावानं बोटं मोडत होतो, तर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, सर एकदाच म्हणाले." तेव्हापासून तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारतोय. आज दुपारपर्यंत दोनदा चुकलो. तू जरा उशिरानंच ये.